चाकांवरचे घर आणि तेरणेचा काठ



अलीकडे शहरांतून एका नव्या गाडीची चर्चा ऐकू येते. तिला कॅम्परव्हॅन म्हणतात. बाहेरून पाहिले तर साधा टेम्पो वाटतो. आत डोकावले तर झोपायला दोन फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांची मांडणी आणि वर दिवा. घरालाच चाके लावली म्हणा ना! आपल्या राज्य सरकारने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी धोरणही ठरविले. शनिवार-रविवारची सुट्टी आली, की चार जणांनी अशी गाडी घेऊन निघायचे, वाटेत स्वयंपाक करायचा, जिथे रात्र होईल तिथे मुक्काम करायचा आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचे, अशी ही हौस आहे.

आता तुम्ही म्हणाल, "यात आम्हांला नवीन ते काय सांगता?" तुमचे खरेच आहे. आपल्या भूम, वाशी, कळंबकडची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघत, ती गाडीतच घर घालून. बैलगाडीत अंथरुण, पिठाचा डबा, तवा, कोंबड्यांची डाली, लेकरे आणि मागे बांधलेली शेळी. कारखान्याच्या माळावर पाचटाची कोप उभी राहिली, की झाले घर. आज बैलगाडीच्या जोडीला ट्रॅक्टर आणि ट्रक आले आहेत, पण संसार चाकांवरच असतो. अर्थात तो संसार पोटासाठी आहे. हौसेने निघणाऱ्याने रस्त्यात अशी गाडी दिसली, तर तिला आधी वाट द्यावी. पंढरीच्या वारीतही दिंडीमागे सामानाचा ट्रक असतोच. तेव्हा चाकांवरचे घर आपल्याला परके नाही. हौसेखातर असे हिंडणे, हे मात्र आपल्याकडे थोडे नवे आहे.

आणि गाडीची गोष्ट निघालीच आहे, तर एक फार जुनी गाडीवाट सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची आणि बंदरांची एक माहितीवही लिहिली. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याची वही 'पेरिप्लस' या नावाने जगभर प्रसिद्ध आहे. त्याने लिहिले आहे, की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. या शहरातून साधे कापड, तलम मलमल आणि इतर माल भडोचला जातो. आणि तो जातो गाड्यांतून, जिथे धड रस्ताही नाही अशा मुलखातून.

हे तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे तेर. महिनाभराची वाट! ती गाडीवानांनी एका दिवसात कापली असेल काय? रोज कुठे तरी जू उतरवायचे, बैल पाण्यावर न्यायचे, तीन दगडांची चूल मांडायची आणि गाडीखाली अंग टाकायचे. आज आपण त्याच तेरला जाऊन यायचे आहे. दोन दिवस पुरतील. गाडी कॅम्परव्हॅन असो, नाही तर मित्राच्या जीपमध्ये चार घोंगड्या आणि एक स्टोव्ह टाकून केलेली असो. माझा आग्रह दोनच गोष्टींचा आहे: एक रात्र तिथे मुक्काम करा, आणि नदीकाठ पायी चाला. असे का, ते पुढे ओघात येईलच.

प्रथम निघण्यापूर्वीच्या चार गोष्टी. काळ निवडावा भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतचा. नद्यांना पाणी असते, रान हिरवे असते. मात्र नवरात्रात तुळजापूरला भक्तांची फार दाटी असते. त्या दिवसांत मोठी गाडी घेऊन जाऊ नये. दुसरे, आपल्याकडची काळी जमीन. ही माती सुकली की दगड, आणि भिजली की लोणी. जड गाडी डांबरावर किंवा मुरमाच्या टणक जागेवरच उभी करावी. रात्री एक सर येऊन गेली आणि गाडी काळ्या रानात असली, तर सकाळी बैलजोडी किंवा ट्रॅक्टर शोधत फिरावे लागेल. तिसरे, नदीच्या पात्रात मुक्काम करू नये. वाळू कितीही मऊ आणि चांदणे कितीही छान असले, तरी वर पाऊस झाला किंवा धरणाचे पाणी सुटले, तर ते आपल्याला विचारून येत नाही. चौथे, पिण्याचे पाणी घरून भरून घ्यावे. हा अवर्षणाचा मुलूख आहे. इथे पाव्हण्याला पाणी नाही कोणी म्हणणार नाही, म्हणूनच पाव्हण्याने ते जपून मागावे.

आता शनिवारची सकाळ. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघालात, की पन्नासएक किलोमीटरवर नळदुर्ग येते. इथला किल्ला बोरी नदीने अंगाखांद्यावर घेतल्यासारखा आहे. बहमनी, आदिलशाही, मोगल आणि मग निजाम, अशा राजवटी या किल्ल्याने पाहिल्या. तटावरून चाला, नवबुरूज पाहा, उंच बुरुजावर चढून तोफ पाहा. पण खरी गंमत आहे ती पाणीमहालाची.

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर दगडी बंधारा घातला गेला. नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ हा छोटा किल्ला, या दोहोंना जोडणारी ही भिंत. भिंतीच्या पोटातच महाल बांधला आहे. नदीला भरपूर पाणी आले, की ते बंधाऱ्यावरून दोन धारांनी खाली कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून नदी चालली आहे, खिडकीसमोर पाण्याचा पडदा हलतो आहे, आणि आत उभा असलेला माणूस कोरडा! दगड कसा घडवला असेल, चुना कसा मळला असेल, याचा विचार करीत आपल्या गवंड्यांनी इथे एक दिवस घालवावा. दर वर्षी बंधारा भरून वाहतोच असे नाही. पाऊस कमी झाला, तर धबधबा दिसत नाही. पण म्हणून हिरमुसू नका. पाणी नसताना बांधकाम अधिक नीट पाहता येते. पाणी कोठून घ्यायचे, कोठून सोडायचे आणि भिंतीवरचा भार कसा कमी करायचा, हे त्या लोकांना किती नेमके कळत होते, ते तेव्हा ध्यानात येते.

या किल्ल्यात १८५३ ते १८५७ या काळात मेडोज टेलर नावाचा इंग्रज अंमलदार राहत होता. निजामाने जो मुलूख इंग्रजांकडे सोपवला, त्याचा कारभार तो इथून पाही. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली त्याचे आत्मचरित्र छापले गेले. त्यात नळदुर्गचे दिवस आले आहेत. पुढे १८६० साली हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. आणि मग येतो सप्टेंबर १९४८. हैदराबादच्या मुक्तीसाठी भारतीय सैन्य सोलापूरकडून निघाले, तेव्हा १३ सप्टेंबरला पहिली चकमक झाली ती याच नळदुर्गजवळ. बोरीवरचा पूल शत्रूने उडवण्याआधी हाती लागणे जरूर होते, आणि तो धडका हाती लागला. पाहा, एकच नदी! एका काळात राजाने तिला अडवून महाल बांधला, आणि दुसऱ्या काळात तिच्यावरच्या एका पुलासाठी सैनिक जिवावर उदार झाले. शिक्षकबंधूंनी इतिहासाचा हा धडा वर्गातल्या फळ्याऐवजी बोरीच्या काठी घेतला, तर मुलांना सनावळी घोकावी लागणार नाही.

दुपारी किल्ल्याबाहेर सावली पाहून भाकरी सोडावी. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि दही असले, की शेगडी पेटवायचेही कारण नाही. जेवून तुळजापूरचा रस्ता धरावा. तीस-बत्तीस किलोमीटरची वाट. आईचे दर्शन घ्यावे, कल्लोळ आणि गोमुख ही तीर्थे पाहावीत. तुळजापुराविषयी तुम्हांला मी सांगावे असे काही नाही. घराघरांतून ज्या देवीचा गोंधळ होतो, तिची ओळख कोणी करून द्यावी?

पण तुळजापूरच्या डोंगरावर उभे राहून एक भूगोलाची गोष्ट मात्र समजून घ्या. हा बालाघाटचा डोंगर. त्याच्या माथ्यावर पाऊस पडतो, तेव्हा शेजारशेजारच्या दोन थेंबांची ताटातूट होते. दक्षिणेकडे वाहिलेला थेंब बोरीतून भीमेला मिळतो आणि भीमेबरोबर कृष्णेत जातो. उत्तरेकडे-पूर्वेकडे गेलेला थेंब तेरणेत पडतो, तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. सकाळी आपण कृष्णेच्या घरी होतो, आणि संध्याकाळी गोदावरीच्या घरी जाऊन झोपणार आहोत. मुलांना नकाशावर बोटाने ही वाट काढायला लावा. एका जिल्ह्यात, एका दिवसात दोन मोठ्या नद्यांची खोरी पायाखाली येतात, हे त्यांच्या जन्मभर लक्षात राहील.

तुळजापूरहून वीस-बावीस किलोमीटरवर धाराशिव. २०२३ सालापासून शहराला आणि जिल्ह्याला हे जुने नाव अधिकृतपणे परत मिळाले आहे. नाव किती जुने, ते पाहायचे असेल तर शहराजवळच्या डोंगरातली लेणी पाहावीत. अपभ्रंश भाषेतल्या 'करकंडचरिउ' या जुन्या जैन काव्यात या लेण्यांची कथा आली आहे. लेण्यांत आज जैन मूर्ती आहेत. ती मुळात बौद्धांनी कोरली असावीत, असे काही अभ्यासक मानतात. वेळ असला तर तासभर थांबा. नसला, तर लेणी पुढच्या खेपेला ठेवा आणि दिवस मावळण्यापूर्वी तेर गाठा. वाट वीसएक किलोमीटरची आहे.

गावात शिरल्यावर पहिले काम कोणते? गाडी कुठे तरी दडवून उभी करू नका. ग्रामपंचायतीत जा, सरपंच किंवा ग्रामसेवक नसले तर देवळापाशी बसलेल्या वडीलधाऱ्यांना रामराम घाला आणि विचारा, "काका, आजची रात्र इथं मुक्काम करायचा म्हणतोय. गाडी कुठं लावू?" हे विचारण्यात कमीपणा नाही. विचारलेत, की तुम्ही परके राहत नाही. दिवे लागायच्या वेळी कोणी तरी चौकशीला येईल, कोणी दूध देईल, आणि पारावर गोष्टी निघतील. दिवसा गाडीतून उतरून दोन फोटो काढून गेलेल्या माणसाला या गोष्टी कोणी सांगत नाही. मुक्काम करा, असे मी का म्हणालो, ते आता ध्यानात आले असेल.

रविवारी पहाटे उठा. गाडी तिथेच राहू द्या आणि तेरणेच्या काठाने चालू लागा. पायांत बूट किंवा जाड चपला असाव्यात, हातात काठी. उन्हे वर येण्यापूर्वीची ही वेळ. नदीकडेला बगळे असतात, आणि थोड्या वेळात काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्यांचे कळप पाण्यावर येतात. या शेळीने जिल्ह्याचे नाव देशभर नेले आहे, बरं का! जुळी करडे देणारी, कमी चाऱ्यावर तग धरणारी, गरिबाच्या घरची ही गाय.

चालताना जमिनीकडे लक्ष असू द्या. शेतातली माती काळी आहे. मध्येच ती पांढुरकी, भुसभुशीत होते, आणि जमीन टेकाडासारखी उंचावते. हीच पांढरी. आपल्या जुन्या लोकांनी गावाचे दोनच भाग केले: काळी म्हणजे शेत, आणि पांढरी म्हणजे वस्ती. माती पांढरी का झाली? शेकडो वर्षे माणसे तिथे राहिली. चुलीतली राख, पडलेल्या भिंती, शेणामुताचा सडा, मोडकी भांडी, सगळे थरावर थर साचत गेले. एक घर पडले, त्याच्यावर दुसरे उठले. तेच पडले, की तिसरे. अशी ती टेकाडे होतात. तेरच्या आसपास, नदीच्या काठाला अशी टेकाडे आहेत. पेरिप्लसवाल्याचे ते फार मोठे शहर पाहायचे, तर ते असे पायाखाली आहे.

पावसाने माती धुतली, की वर खापरे दिसतात. एखादे उचलून पाहा. बाहेरून तांबडे आणि आतून काळे असे खापर दिसले, तर समजा की ते फार जुने आहे. भांडे भट्टीत पालथे घालून भाजले, की आतल्या बाजूला हवा लागत नाही, म्हणून ती काळी राहते. बाहेरून मात्र आच आणि हवा दोन्ही लागून ते तांबडे होते. ही कुंभाराची युक्ती. पाहून झाले, की खापर होते तिथेच, होते तसेच ठेवून द्या. का, ते थोड्या वेळाने सांगतो.

चालत चालत आपण येतो ते गोरोबाकाकांच्या समाधिमंदिरापाशी. संत गोरा कुंभार याच गावचे. चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी असते आणि तेव्हा इथे मोठी यात्रा भरते. त्यांची एक कथा तुम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकली असेल. संतमंडळी गोरोबांच्या घरी जमली होती. मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, "काका, हे काय?" गोरोबा म्हणाले, "याने मडके कच्चे की पक्के ते कळते." मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सगळे गप्प राहिले. नामदेव मात्र चिडले, आणि कच्चे ठरले. पुढे त्यांनी गुरू केला, ही कथा प्रसिद्धच आहे.

मला या कथेत तेर गावाचे सगळे मर्म दिसते. ज्या गावाचा संत मडके वाजवून माणूस ओळखत होता, त्या गावाचे खरे वय पंडितांनी ओळखले तेही बरेचसे खापरांवरून. राजाचे नाव, लढाईची तारीख, हे पुसले जाते. राजवाडा पडतो, त्याचे लाकूड लोक घेऊन जातात. कुंभाराने भाजलेले मडके मात्र फुटले तरी कुजत नाही. त्याचा रंग, त्याचा काठ, त्यावरची नक्षी पाहून जाणकार सांगतो, की हे सातवाहनांच्या काळातले, हे नंतरचे, आणि हा सुरईचा दांडा समुद्रापलीकडून द्राक्षाचे मद्य घेऊन आलेल्या रोमन कुंभाचा आहे.

गोरोबांच्या देवळालगत कालेश्वराचे जुने मंदिर आहे. गावात उत्तरेश्वराचे विटांचे मंदिर आहे. त्याची नक्षीदार लाकडी चौकट कारागिरीचा उत्तम नमुना म्हणून विख्यात आहे. आणि त्रिविक्रमाचे मंदिर तर अवश्य पाहावे. मागच्या बाजूने फेरी घाला. भिंत सरळ न जाता अर्धगोल वळते, आणि वरचे छप्पर गाडीच्या तट्ट्यासारखे, पाठीवर वाकलेले आहे. कार्ल्याचे किंवा भाज्याचे लेणे पाहिलेल्याला लगेच ओळख पटते. लेण्यात डोंगर कोरून जो आकार केला, तोच इथे विटा रचून उभा केला आहे. अनेक संशोधकांच्या मते हा मुळात बौद्ध चैत्य होता. पुढे त्यात विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची स्थापना झाली. विटांचे असे चैत्य देशात फार थोडे शिल्लक आहेत. आंध्रात चेजर्ला गावी असाच एक आहे, आणि तिथेही आज महादेवाची पूजा चालते. तेरचे मंदिर उभे राहिले याचे कारण साधे आहे. तिथला दिवा कधी विझला नाही. ज्या वास्तूत माणसांचा राबता असतो, तिच्यावरचे गवत कोणी तरी उपटतो.

यानंतर गावातल्या संग्रहालयात दोन तास काढा. याला नाव आहे रामलिंगप्पा लामतुरे यांचे. ते याच गावचे. गावात, रानात, पावसानंतर टेकाडावर ज्या वस्तू सापडत, त्या त्यांनी आयुष्यभर गोळा करून जपल्या. त्या संग्रहाचेच पुढे शासकीय पुरातत्त्व संग्रहालय झाले. इथे मातीच्या बाहुल्या आहेत, मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, नाणी आहेत, दिवे आहेत. हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीविषयी मुद्दाम सांगतो. इटली देशात पॉम्पेई नावाचे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तिथल्या एका घरात हस्तिदंताची भारतीय बाहुली सापडली. तेरची मूर्ती आणि ती बाहुली यांच्या घडणीत इतके साम्य आहे, की अभ्यासक दोघींचे नाव बरोबरच घेतात. तेरणेच्या काठावरून भडोचला, आणि तिथून जहाजाने पश्चिमेला, ही गाडीवानाची वाट कुठवर पोचत होती, ते यावरून पाहा.

तगर म्हणजे तेरच, हे मात्र लगेच कळले नव्हते. कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला तगरपुराचे अधीश्वर म्हणवून घेत. पण हे तगर कुठले? कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. पेरिप्लसमध्ये दिशा पूर्व दिली आहे, आणि तेर पैठणच्या आग्नेयेला. म्हणून घोटाळा वाढला. १९०१ साली फ्लीट या पंडिताने तेरचे नाव पुढे केले. लगोलग कझेन्स यांनी गावात येऊन मंदिरांची पाहणी केली. पुढे १९५८ साली चापेकरांनी इथे उत्खनन केले, आणि मातीनेच साक्ष दिली. दोन हजार वर्षांपूर्वीचे गजबजलेले गाव थराथरांनी उलगडले.

आता ते खापर होते तिथेच ठेवा, असे मी का म्हणालो, ते सांगतो. पांढरीची माती मोठी गुणाची. शेतात टाकली तर पीक जोमाने येते. माळवदावर घातली तर पाणी झिरपत नाही. भिंतीला लिंपायलाही ती चांगली. म्हणून गावोगाव पांढरी खणली जाते. पूर्वी पाटीने नेत, तेव्हा टेकाड झिजायला दोन पिढ्या लागत. आता जेसीबीने दोन दिवसांत ते ट्रॉल्यांत भरून जाते. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याला त्या मातीत खत दिसते, आणि ते खरेच असते. पण त्या थरांत एक हिशेब लिहिलेला असतो. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापराजवळ सापडले, यावर सगळे अनुमान उभे असते. वहीची पाने फाडून, मिसळून, पोत्यात भरली, तर प्रत्येक कागद हाती असूनही हिशेब लागेल काय? हौशी प्रवासी खिशात एक मणी घालून नेतो, तेव्हा तोही त्या वहीचे एक पान फाडीत असतो. मणी त्याच्या घरी चार दिवस टेबलावर राहतो आणि मग हरवतो.

कायदाही आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पण नुसत्या कायद्याने हे काम व्हायचे नाही. गावाला वाटले पाहिजे, की ही आपली चीज आहे.

याच तेरणेच्या खालच्या अंगाला, लोहाऱ्याकडे, सास्तूर आणि आसपासची गावे आहेत. पलीकडे लातूर जिल्ह्यातले किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, आणि दगड-मातीच्या जाड भिंती व वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे अनेक गावे नव्या जागी वसली, आणि जुनी जागा मागे राहिली. तिकडे गेलात, तर तमाशा पाहायला आल्यासारखे हिंडू नका. ज्यांच्या घरची माणसे त्या मातीत गेली, ते आज तुमच्याशी बोलत असतात. हे इथे सांगण्याचे कारण इतकेच, की पांढरी म्हणजे केवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोणा परक्याची गोष्ट असते, असे वाटू नये. गाव उठते आणि पांढरी मागे राहते, हे तेरणेच्या काठच्या माणसांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. जुन्या गावठाणाची माती उचलताना हात का अडखळतो, ते त्यांना विचारा. तेरच्या टेकाडातही चुलीच आहेत, आणि कोणाच्या तरी लेकीच्या बांगड्या आहेत.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावाला पांढरी असेलच. एका रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. काही उकरू नका. नुसते चाला, आणि एक वही करा: टेकाड कुठे आहे, त्याची लांबी-रुंदी किती पावले, वर काय काय दिसते, गावातली म्हातारी माणसे त्याला काय म्हणतात. एखाद्याला नांगरताना काही सापडलेच, तर कोणत्या शेतात, किती खोलावर, कोणत्या दिवशी, ते लिहून ठेवा. फोटो काढा, आणि संग्रहालयाला किंवा तहसील कचेरीत कळवा. या वहीला पैसे लागत नाहीत. गावातल्या एका माणसाने जन्मभर लक्ष ठेवले, तर केवढे काम होते, याचा दाखला तेरच्या संग्रहालयाच्या दारावरच लिहिलेला आहे.

आणि चाकांवरचे घर घेऊन निघालेल्यांना चार शब्द. तुमचा कचरा तुमच्याबरोबर परत न्या. साबणाचे पाणी नदीत सोडू नका. शेळ्या तेच पाणी पितात. रात्री मोठ्याने गाणी लावू नका. गाव पहाटे उठणारे असते. डब्यातले घरचे संपल्यावर बाजारहाट गावातल्याच दुकानात करा, म्हणजे तुमच्या हौसेतले चार रुपये गावात राहतील. मंदिरात, किल्ल्यात भिंतीवर नाव कोरू नका. बांधणाऱ्या गवंड्यानेही आपले नाव कोरले नाही, मग आपण कोण?

रविवारी दुपारी परत फिरताना वाटेत भूम-कुंथलगिरीकडचा पेढा मिळाला, तर घरच्यांसाठी जरूर घ्या. तगरहून न्यायची वस्तू तेवढीच. बाकी सारे पाहून, ऐकून, वहीत टिपून न्यायचे. पूर्वी गाडीवानाने इथला माल महिनाभर वाहून समुद्रापर्यंत नेला. आज तेरणेच्या काठचे जे उरले आहे, ते जागच्या जागी राहू देणे, हेच मोठे काम आहे. ते काम सरकारच्या एका चौकीदाराचे नाही. ते ज्याच्या दारात पांढरी आहे त्याचे, त्याच्या पोरांच्या मास्तरांचे, आणि तिथे पाव्हणे म्हणून जाणाऱ्या तुमचे-आमचे आहे.

येत्या दसऱ्या-दिवाळीच्या दरम्यान दोन दिवस मोकळे काढा. गाडी कोणतीही असू द्या. नळदुर्गला पाणी पाहा, तेरला माती पाहा, आणि मधली रात्र गावात काढा.